गव्हर्नर मॅडम, त्या लिफ्टपाशी दोन ओळी लावा

मा. गव्हर्नर मॅडम, मॅसॅच्युसेट्स,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मराठी वाचणार नाही हे माहितीये, पण बॉस्टनच्या आसपास आम्ही मराठी लोक बरेच आहोत आणि पाहुणे आले की स्टेट हाऊस, म्हणजे राज्य सरकारची ती इमारत, दाखवायला नेतोच, म्हणून लिहितोय.

विषय सार्जंट विल्यम कार्नीचा. 1840 साली व्हर्जिनियात गुलामीत जन्मला, पुढे न्यू बेडफर्डला आला आणि 1863 मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, उत्तरेच्या बाजूने लढणाऱ्या आपल्या 54व्या मॅसॅच्युसेट्स पायदळात भरती झाला, शिपाई सगळे काळे आणि वरचे ऑफिसर गोरे अशी ती पलटण. 18 जुलैच्या संध्याकाळी चार्ल्सटनजवळ दक्षिणेच्या ताब्यातल्या फोर्ट वॅग्नर किल्ल्यावर हल्ला, वाळूतून पळत, समोरून तोफा. निशाणवाला पडला तसं कार्नीने बंदूक टाकली आणि निशाण उचललं. बंदूक टाकली, हे वाचताना सुटून जातं बघा! धुरात पलटण निशाण बघूनच पुढे सरकते, आपल्या जरीपटक्यासारखंच, त्यामुळे शत्रूपण आधी निशाणवाल्यालाच टिपतो, आणि हा गडी रिकाम्या हाताने तटापर्यंत गेला, निशाण रोवलं, माघार झाली तेव्हा दोनदा जबर जखमी होऊनही परत घेऊन आला. निशाण जमिनीला टेकू दिलं नाही. साधारण सहाशेपैकी अडीचशेच्या वर माणसं मेली, जखमी झाली नाहीतर पकडली गेली, पलटणीचा गोरा प्रमुख कर्नल शॉ पण तिथेच गेला.

आणि पगार? गोऱ्या शिपायाला महिना 13 डॉलर, यांना 10, त्यातूनही 3 कपड्यांचे कापून. तुमच्याच खुर्चीत तेव्हा जॉन अँड्र्यू होते, ते म्हणाले फरक राज्य भरेल, तरी पलटणीने नाही म्हटलं, बरोबरीचा द्या नाहीतर नको. 1864 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मान्य केलं.

मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं शौर्यासाठीचं सर्वोच्च लष्करी पदक, कार्नीला मिळालं 1900 साली. म्हणजे 37 वर्षांनी! ते मिळवणारा पहिला काळा सैनिक म्हणतात ते अर्धवट खरंय, पराक्रम आधीचा पण मेडल इतरांना आधी मिळाली. तोवर हा न्यू बेडफर्डला तीसेक वर्षं पत्रं वाटत होता. नंतर तुमच्याच स्टेट हाऊसमध्ये निरोप्याची नोकरी, आणि 1908 मध्ये तिथल्याच लिफ्टमध्ये पाय चिरडला, त्यातच वारला.

समोर बीकन स्ट्रीटवर या पलटणीचं 1897 चं ब्राँझ स्मारक आहे, छान आहे, पण त्यात घोड्यावर शॉ. आत लिफ्टपाशी कार्नीसाठी दोन ओळी लावा ना, आणि त्यात पोस्टमन हा शब्द असू द्या.

आपला,
एक बॉस्टनकर मराठी