छत्तीस-शून्यानंतरची सव्वाशे वर्षं

डंडी, रविवार

तीर्थरूप बाबा आणि तीर्थस्वरूप आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, इकडे स्कॉटलंडला आल्यावर सेल्टिक किंवा रेंजर्स या ग्लासगोच्या बड्या फुटबॉल क्लबांची मॅच बघायची म्हणालात. त्यांची तिकिटं मिळणं अवघड, आणि एवढ्या गर्दीत आईला घेऊन जायचं म्हणजे अजूनच अवघड. त्यापेक्षा आर्ब्रोथला जाऊ. हा क्लब तुम्ही ऐकलेला नसणार, पण एकदा त्याचा इतिहास कळला की मोठ्या क्लबांचे करंडक मोजण्यात तुम्हाला फारशी गंमत वाटणार नाही.

आर्ब्रोथ हे डंडीपासून सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरवरचं, उत्तर समुद्राकाठचं मासेमारीचं गाव. वस्ती पंचवीस हजारांच्या आत. क्लब १८७८ साली निघाला आणि १८८० पासून गेफील्ड नावाच्या मैदानावर खेळतो आहे. १९२५ मध्ये मैदान त्याच जागेत थोडं सरकवलं, एवढाच काय तो बदल. मध्ये एक भिंत, की पलीकडे समुद्र. वादळ असलं की लाटेचं पाणी भिंतीवरून आत येतं. युरोपात समुद्राच्या सगळ्यात जवळचं फुटबॉल मैदान म्हणून त्याचं नाव आहे. जर्सी गडद मरून. क्लबचं टोपणनाव ‘रेड लिख्टीज’. पूर्वी कोळ्यांच्या होड्यांना बंदराची वाट दाखवणारा लाल दिवा इथे असे, त्यावरून पडलेलं.

या मैदानावरून पहिलं भांडण झालं ते १८८४ मध्ये. स्कॉटिश कपमध्ये रेंजर्स इथे ४-३ असे हरले. हरल्यावर त्यांनी टेप काढली. नियमाप्रमाणे मैदान किमान ५० यार्ड रुंद हवं, हे भरलं ११ इंच कमी. ‘परसात खेळून हरलो’ अशा अर्थाची तार त्यांनी ग्लासगोला पाठवली, असं सांगतात. तक्रार मान्य झाली, सामना पुन्हा खेळवला गेला आणि रेंजर्सनी तो ८-१ असा जिंकला. अकरा इंचांसाठी चार गोल गेले! आर्ब्रोथमध्ये ही गोष्ट अजूनही कालच घडल्यासारखी सांगतात.

त्यापुढच्या वर्षी, १२ सप्टेंबर १८८५ रोजी, ज्याच्यामुळे हे गाव जगाला माहीत आहे तो सामना झाला. स्कॉटिश कपची पहिली फेरी, समोर अबरडीनचा बॉन अकॉर्ड नावाचा संघ. निकाल ३६-०. मध्यंतराला १५-० होतं, दुसऱ्या अर्धात आणखी २१. सरासरी काढली तर दर अडीच मिनिटांनी एक गोल. बाबा, इथे थोडा तपशील लक्षात घ्या, म्हणजे आकड्याचं खरं वजन कळेल. तेव्हा गोलला जाळी नव्हती. जाळ्या १८९० नंतर आल्या. त्यामुळे प्रत्येक गोलनंतर चेंडू मागे धावत जाऊन आणायचा, मध्यावर ठेवायचा, मग पुढे खेळ. ती मिनिटं धरूनही छत्तीस. आणि ऑफसाइडचा नियम आजच्याहून कडक होता. पुढे गेलेल्या खेळाडूच्या आणि गोललाइनच्या मध्ये प्रतिस्पर्ध्याचे दोन नव्हे, तीन खेळाडू लागत. तो नियम १९२५ मध्ये सैल झाला. ऑफसाइडमुळे त्या दिवशी आणखी काही गोल बाद झाले. काही ठिकाणी सात वाचायला मिळतं.

जॉन पेट्री नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने एकट्याने तेरा गोल केले. एका सामन्यात तेरा हा आकडा पुढे २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आर्ची थॉम्प्सनने अमेरिकन सामोआविरुद्ध गाठला. आर्ब्रोथचा गोलकीपर जिम मिल्न याच्याकडे सामनाभर चेंडू फिरकलाच नाही; पावसात प्रेक्षकाची छत्री मागून घेऊन तो पाइप ओढत उभा होता, ही आख्यायिका गावात हमखास ऐकायला मिळते. दुसरी आख्यायिका अशी की बॉन अकॉर्ड हा मुळात क्रिकेट क्लब होता आणि आमंत्रण चुकून त्यांना गेलं. बाबा, क्रिकेटवाला म्हणून ही तुम्हाला आवडेल, पण तिच्यावर विसंबू नका.

कमाल म्हणजे त्याच दिवशी इथे डंडीत ‘डंडी हार्प’ने अबरडीन रोव्हर्सला ३५-० हरवलं. पंचांनी ३७ मोजले होते, पण हार्पच्याच माणसाने आपली नोंद ३५ ची आहे म्हणून दुरुस्ती करवली, असं म्हणतात. तो प्रामाणिकपणा नडला आणि विक्रम शेजारच्या गावाला गेला. २००२ मध्ये मादागास्करात १४९-० असा निकाल लागला खरा, पण तिथे एका संघाने पंचांच्या निषेधार्थ स्वतःवरच गोल मारत सुटायचं ठरवलं होतं. त्याला मी सामना म्हणत नाही.

आता खरी मौज पुढे. जगातला सर्वांत मोठा विजय नावावर असलेल्या या क्लबने राष्ट्रीय पातळीवरची पहिली लीग कधी जिंकली असेल? २०११ मध्ये. तीही चौथ्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या पायरीवरची. त्या छत्तीस गोलांनंतर सव्वाशे वर्षांनी. जिल्ह्याच्या स्पर्धा त्याआधी जिंकल्या होत्या, त्या वेगळ्या.

मधल्या काळाचं फार लिहीत नाही. १९२१ मध्ये स्कॉटिश लीगच्या दुसऱ्या विभागात प्रवेश मिळाला. वरच्या विभागात जायची संधी चार वेळा आली, चारही वेळा दुसऱ्या क्रमांकावर येऊन: १९३५, १९५९, १९६८ आणि १९७२. १९५९ आणि १९६८ ची बढती एकेका मोसमात संपली. १९४७ मध्ये दुय्यम विभागात असताना स्कॉटिश कपच्या उपांत्य फेरीपर्यंत धडक मारली आणि अबरडीनकडून २-० हरले. १९५२ मध्ये रेंजर्सविरुद्ध १३,५१० लोक आले, तो इथला गर्दीचा उच्चांक आणि तो आता मोडणं शक्य नाही, कारण मैदानाची परवानगीच साडेसहा हजारांच्या आसपास आहे. १९७४ मध्ये ग्लासगोला जाऊन रेंजर्सला त्यांच्याच आयब्रॉक्स मैदानावर ३-२ हरवलं. अकरा इंचांचा हिशेब नव्वद वर्षांनी चुकता. १९७५ मध्ये वरचा विभाग अठरा संघांवरून दहा संघांचा झाला. आर्ब्रोथ त्यात बसलं नाही आणि त्यानंतर आजवर परत वर गेलेलं नाही.

तरी क्लब बुडला कसा नाही, हे तुम्ही बँकेतले असल्याने तुम्हाला विचारावंसं वाटेल. ग्लासगोचा थर्ड लॅनार्क एकदा स्कॉटलंडची लीग जिंकलेला क्लब, १९६७ मध्ये कर्जात बुडून बंद झाला. ग्रेट्ना हा दुसरा क्लब २००६ मध्ये स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात होता, २००८ मध्ये संपला. एका धनिकाच्या पैशावर उभा होता, तो आजारी पडला आणि पैसा थांबला. आर्ब्रोथचे खेळाडू मात्र अर्धवेळ. दिवसा प्लंबर, शिक्षक, ऑफिसातले लोक, आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. बॉबी लिन हा त्यांचा लाडका विंगर (कडेने चढाई करणारा खेळाडू) तर डंडीच्या कचरागाडीवर कामाला होता. पगाराचं ओझं कमी, त्यामुळे एक वर्ष वाईट गेलं तरी क्लब पुढचं वर्ष बघतो. शिवाय स्कॉटिश कपमध्ये तिकिटांचं उत्पन्न दोन्ही क्लबांत वाटलं जातं, म्हणून मोठ्या संघाशी गाठ पडली की हरूनही छोट्याचं वर्ष निघतं. लीगमध्ये तसं नाही, तिथे यजमानाची तिजोरी यजमानाची.

या पद्धतीचा एक अनपेक्षित फायदा असतो. तिशीतला चांगला खेळाडू, ज्याला पूर्णवेळ क्लब आता एकेक वर्षाचाच करार देतो, तो नोकरी धरतो आणि वर अर्धवेळ फुटबॉल खेळतो. दोन्ही मिळकती धरल्या तर त्याचं बरं चालतं. म्हणजे छोट्या क्लबाला अनुभवी माणूस परवडतो. डिक कॅम्पबेल नावाच्या प्रशिक्षकाने हेच हेरलं. तो २०१६ मध्ये आला, जुळा भाऊ इयन त्याचा सहायक. २०१७ मध्ये चौथा विभाग जिंकला, २०१९ मध्ये तिसरा, आणि २०२१-२२ मध्ये दुसऱ्या विभागात, जिथे इतर नऊ संघ पूर्णवेळ व्यावसायिक होते, हे अर्धवेळवाले महिनोन्‌महिने गुणतालिकेत वर.

त्या विभागात दहा संघ, प्रत्येकाशी चार वेळा गाठ, एकूण ३६ सामने. पहिला येईल तो थेट वर. दुसरा, तिसरा, चौथा यांना प्ले-ऑफ: आधी तिसरा विरुद्ध चौथा, जिंकेल तो दुसऱ्याशी, आणि त्यातून राहील तो वरच्या विभागातल्या अकराव्याशी, प्रत्येक लढत दोन सामन्यांची. २२ एप्रिल २०२२ ला आर्ब्रोथ किल्मार्नॉकला खेळायला गेलं. जिंकले असते तर विजेतेपद त्यांच्या हातात होतं. आघाडीही होती. पण शेवटच्या टप्प्यात किल्मार्नॉकने दोन गोल केले, दुसरा ८९ व्या मिनिटाला ब्लेअर अल्स्टनने. अखेरचे गुण किल्मार्नॉक ६७, आर्ब्रोथ ६५. मग प्ले-ऑफमध्ये इन्व्हर्नेसविरुद्ध दोन्ही सामने गोलशून्य आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये हार. इन्व्हर्नेसचे दोन खेळाडू तोवर लाल कार्ड मिळून बाहेर गेले होते, तरीही.

अर्धवेळ संघ नेमका इथेच कमी पडतो. मोसमाच्या शेवटी पाय जड होतात, कारण इतरांना दिवसा फिजिओ आणि विश्रांती, यांना सोमवारी सकाळी कामावर हजेरी. मंगळवारी रात्री लांबचा सामना असेल तर अर्ध्या दिवसाची रजा. मोठ्या क्लबांकडून उसने घेतलेले तरुण मे महिन्यात परत जातात आणि नवा संघ पुन्हा पहिल्यापासून बांधायचा. २०२३ च्या नोव्हेंबरात कॅम्पबेल गेला, त्या मोसमाअखेर संघ खाली आला. लगेच पुढच्या वर्षी, २०२४-२५ मध्ये, कॉलिन हॅमिल्टन आणि डेव्हिड गोल्ड या दोघांच्या हाताखाली तिसरा विभाग जिंकून परत दुसऱ्यात.

आता वाऱ्याविषयी, कारण मॅच बघताना तोच तेविसावा खेळाडू वाटेल. वारा तोंडावर असताना गोलकीपरने उंच लाथाडलेला चेंडू हवेत थांबतो आणि मागे वळतो. बाहेरून आलेले बचावपटू तो जिथे पडेल असं वाटतं तिथे जाऊन उभे राहतात आणि चेंडू त्यांच्या दहा पावलं अलीकडे पडतो. गोलकिक वाऱ्याने परतून थेट स्वतःच्याच गोलात गेली तर? गोल देत नाहीत, समोरच्याला कॉर्नर मिळतो. नियमातच तसं आहे. वारा पाठीशी असणं सोपं असतं असंही समजू नका. लांब पास सगळे गोललाइनच्या बाहेर जातात आणि खेळ गोलकिकमध्येच संपतो. म्हणून इथले जाणते खेळाडू वाऱ्याविरुद्धच्या अर्धात चेंडू जमिनीलगत, छोट्या पासांनी नेतात, आणि माझ्या मते तो अर्धच बघण्यासारखा. कॉर्नर घेताना चेंडू जागेवर राहत नाही, तो स्थिर होईपर्यंत लाथ मारता येत नाही. खेळाडू तीन-तीनदा ठेवताना दिसला तर तो वेळकाढूपणा समजू नका. समुद्राकाठच्या हिरवळीला खाऱ्या तुषारांचाही त्रास. मीठ पात्यातलं पाणी ओढून घेतं, टोकं तपकिरी होतात आणि वादळानंतर गोड्या पाण्याने मैदान भिजवून मीठ खाली उतरवावं लागतं.

जायचं कसं: डंडी स्टेशनवरून अबरडीनच्या दिशेची गाडी, वीसेक मिनिटांत आर्ब्रोथ, तिथून मैदान चालत जाण्यासारखं. सामना शनिवारी दुपारी तीनला. आईसाठी बसायच्या स्टँडचं तिकीट काढते, कारण बाकी तीन बाजूंना उभं राहायचं. उभ्या बाजूला असलेले लोक मध्यंतराला टोक बदलतात, आपला संघ ज्या गोलवर चढाई करणार त्यामागे जाऊन उभे राहतात. दोन्ही संघांचे समर्थक वेगळे ठेवायचा बंदोबस्त नसेल त्या दिवशी ही मुभा असते. बाबा, तुम्हाला ते जमेल, आईने बसून राहावं. आधी अकराच्या गाडीने गेलो तर बंदरावर स्मोकी घेता येईल: हॅडॉक मासा मीठ लावून, दोन-दोन शेपटीला सुतळीने बांधून, लाकडी काठीवर टांगून कठीण लाकडाच्या धगीवर शिजवलेला, वर ओलं गोणपाट. गरम असतानाच खायचा, काटा अलगद सुटतो. आई, मसाला अजिबात नसतो, तेव्हा तुझी तिखटाची डबी पर्समध्ये असू दे.

छत्री आणू नका, त्या वाऱ्यात टिकत नाही. कानटोपी आणि आतून अस्तर असलेलं विंडचीटर हवं; आईच्या छातीचं आणि बाहीचं माप व्हॉट्सअॅपवर पाठवा, इथेच घेऊन ठेवते.

तुमची,
मीनू