सांबोळ्याने काय गबकली?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या बालपुरवणीत दर आठवड्याला एक उतारा आणि त्याखाली पाच प्रश्न असतात. माझा तिसरीतला नातू ते न चुकता सोडवतो. गेल्या आठवड्यातला उतारा मुंग्यांवर होता. पठ्ठ्याने चार मिनिटांत पाचही उत्तरं लिहिली आणि पाचही बरोबर आली. मी शेजारीच बसले होते, म्हणून मला दिसलं, की त्याने उतारा वाचलाच नव्हता. आधी प्रश्न वाचायचा, त्यातला एखादा ठसठशीत शब्द उताऱ्यात बोटाने शोधायचा आणि ते वाक्य उतरवून काढायचं. विचारलं तर म्हणाला, "अख्खा उतारा कशाला वाचायचा आजी? उत्तरं तर मिळतात."

चौथा प्रश्न होता, 'मुंग्या कशाच्या साहाय्याने वाट ओळखतात?' त्याने 'गंधाच्या साहाय्याने' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. मी म्हटलं, "बरं, मग त्यांच्या रांगेत मधेच कुणी ओलं फडकं फिरवलं तर काय होईल?" तो म्हणाला, "काही नाही. त्या सरळ पुढे जातील."

एवढ्यासाठीच हे पत्र. मी एकतीस वर्षं तिसरी-चौथीला शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं याच जातीचे प्रश्न फळ्यावर लिहिले. तेव्हा दोष देते आहे तो आधी स्वतःला.

या प्रश्नांची गंमत पाहायची असेल तर पुढचा उतारा वाचा. 'एका डुमऱ्या सांबोळ्याने झिंकाळात जाऊन पिरंगी गबकली. त्यामुळे सगळे लुमके फारच चुरमावले.' आता प्रश्न. सांबोळा कसा होता? डुमऱ्या. त्याने काय गबकली? पिरंगी. कुठे? झिंकाळात. लुमके का चुरमावले? कारण सांबोळ्याने पिरंगी गबकली. चारपैकी चार गुण, शाबास! 'का' असं विचारलं की प्रश्न आपोआप विचार करायला लावणारा होतो, अशी माझी समजूत होती. सांबोळ्याने तीही घालवली.

माझे डोळे मात्र त्याच्याही आधी एका मुलाने उघडले. वर्गात त्याच्यासारखं वाचणारं कुणी नव्हतं. खणखणीत आवाज, जोडाक्षरावर अडखळणं नाही, पूर्णविरामाला बरोबर थांबणार. पाहुणे आले की मी त्यालाच उभं करायची. एकदा पूर्ण पान वाचून झाल्यावर मी सहज विचारलं, "मग शेवटी काय झालं रे?" तो गोंधळला आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "बाई, मी वाचत होतो, ऐकत नव्हतो."

गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी 1986 मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. अक्षरांवरून शब्द उलगडता येणं आणि ऐकलेली भाषा समजणं, या दोहोंचा गुणाकार म्हणजे वाचून समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असो, उत्तर शून्यच. आम्ही शिक्षक पहिल्या बाजूसाठी जिवाचं रान करतो. दुसरी बाजू मुलाला आपोआप येईल असं धरून चालतो.

आणि हे आम्हीच करतो असंही नाही. डोलोरेस डर्किन या अमेरिकन संशोधिकेने तिथल्या चौथीच्या वर्गांत बसून वाचनाच्या तासांची अक्षरशः मिनिटं मोजली. 1978-79 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाहिलेल्या 4,469 मिनिटांपैकी वाचलेलं समजून कसं घ्यायचं हे शिकवण्यात गेलेली मिनिटं होती 20. बाकीच्या वेळात प्रश्नोत्तरं भरपूर होती. पण प्रश्न विचारून समजलं की नाही एवढंच तपासता येतं. समजायचं कसं, ते कुणीतरी करून दाखवावं लागतं.

करून दाखवायचं म्हणजे काय, ते सांगते. संध्याकाळी माझ्याकडे नातू आणि शेजारची दोन मुलं बसतात. उतारा सहा-सात ओळींचाच घेते. पहिल्यांदा मी मोठ्याने वाचते, म्हणजे अक्षरं लावण्यात मुलांची ताकद खर्च होत नाही. वाचताना मधेच थांबते आणि मनात चाललेलं बोलून दाखवते. "थांबा, हा 'तो' कोण? मुलगा की कुत्रा?" मोठ्या माणसालाही अडायला होतं, मागे जाऊन पुन्हा वाचावं लागतं, याचं मुलांना फार नवल वाटतं. त्यांना वाटत असतं, मागे जाणं म्हणजे चुकणं.

सर्वनामांवर तर आमचा एकेक तास जातो. 'समीरने अमेयला आपली वही दिली' आणि 'समीरने अमेयला त्याची वही दिली.' वही कुणाची? मुलांना पेन्सिलने 'आपली' पासून आणि 'त्याची' पासून बाण काढायला सांगते. पहिल्या वाक्यात बाण समीरकडे जातो. दुसऱ्यात तो अमेयकडे वळतो, किंवा आधीच्या ओळीत आलेल्या तिसऱ्याच कुणाकडे. ज्या मुलाचा बाण चुकतो, त्याची पुढची सगळी गोष्ट चुकते आणि आपण म्हणतो, लक्ष नव्हतं!

तशीच चिमुकली अव्ययं. 'रमाच आली', 'रमासुद्धा आली', 'रमा तरी आली.' या प्रत्येक वाक्यात बाकीच्यांचं काय झालं, एवढंच मी विचारते. पहिल्यात बाकीचे आले नाहीत. दुसऱ्यात आले. तिसऱ्याशी मुलं बराच वेळ झटापट करत होती. शेवटी शेजारची मुलगी म्हणाली, "बाकीचे यायला हवे होते, पण आले नाहीत, आणि बोलणाऱ्याला त्याचं वाईट वाटलंय." एका 'तरी' मधून तिने एवढं काढलं. तिला शाळेच्या उताऱ्यांत दहापैकी पाच-सहा गुण पडतात, कारण ती सावकाश लिहिते.

छत्रीचं वाक्य सांगायचा मोह आवरत नाही. 'मीराने खिडकीतून बाहेर पाहिलं आणि छत्री पुन्हा कोपऱ्यात ठेवली.' पाऊस पडत होता का? नातू लगेच म्हणाला, "हो, छत्री आहे ना." शब्द सापडला, विषय संपला! मी फक्त म्हटलं, "कशावरून?" मग तो 'पुन्हा' वर आला. पुन्हा ठेवली म्हणजे आधी उचलली होती. बाहेर पाहिल्यावर ठेवली. म्हणजे पाऊस थांबला असणार. हे पटतंय तोवर दुसरा मुलगा म्हणाला, "किंवा इतका धो-धो असेल की तिने जायचंच रद्द केलं." दोघांचंही उत्तर त्या वाक्यात बसतं. कुणाचं बरोबर हे ठरवायला पुढचं वाक्य लागतं, आणि त्या दिवशी प्रथमच तिघांनी आपणहून पुढचं वाक्य मागितलं. छापील उत्तरसूचीत यातलं एकच उत्तर असतं.

'कशावरून?' हा माझा आता आवडता प्रश्न झाला आहे. उत्तर बरोबर असलं तरी तो विचारायचा, हे महत्त्वाचं. फक्त चुकल्यावर विचारला, तर मुलं तो ऐकताच उत्तर बदलतात.

एक सावधगिरीही सांगायला हवी. मुलाला उतारा समजला नाही, की त्याचं वाचन कच्चं, असा शिक्का आपण मारतो. 1988 मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीतल्या 64 मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. आमच्या तिघांतला सर्वात अडखळत वाचणारा मुलगा सायकलच्या साखळीवरच्या उताऱ्यात 'दाते' म्हणजे काय ते बाकीच्या दोघांना समजावत होता, कारण निसटलेली साखळी तो स्वतः बसवतो. म्हणून उताऱ्याआधी पाच मिनिटं त्या विषयावर नुसत्या गप्पा मारल्या तरी फरक पडतो. नुसते उतारे सोडवून विषयांची ओळख होत नाही. त्यासाठी मुलांना गोष्टी, माहिती, काय वाटेल ते भरपूर वाचून दाखवावं लागतं, तेही खाली प्रश्न न छापता.

आता आपल्या सदराबद्दल. ते बंद करा असं मी म्हणत नाही. पाच प्रश्नांऐवजी दोनच द्या, पण त्यातल्या एकाचं तरी उत्तर उताऱ्यातल्या कुठल्याही वाक्यात जसंच्या तसं नसावं. दुसऱ्यापुढे 'कोणत्या शब्दावरून कळलं? त्याखाली रेघ मारा' एवढं छापा. आणि उत्तरं त्याच पानावर खाली उलटी छापू नका. मुलं कागद उलटा करण्यात आपल्यापेक्षा चपळ असतात. उत्तरं पुढच्या आठवड्यात द्या, आणि मुलांनी पाठवलेलं एखादं अनपेक्षित पण उताऱ्याला धरून असलेलं उत्तर सोबत छापा. उतारे निवडायला मदत हवी असेल तर मी विनामोबदला करीन. निवृत्तीनंतर वेळ आहे आणि निम्म्या वर्षांची परतफेडही बाकी आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका

ता. क. : नातवाने मुंग्यांच्या रांगेवर ओलं फडकं फिरवून पाहिलं. मुंग्या तिथे येऊन अडल्या, इकडेतिकडे भटकल्या आणि काही वेळाने पुन्हा रांग लागली. मग त्याने तुमचा उतारा पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचला. रांग पुन्हा कशी लागली ते त्यात दिलेलं नाही, अशी त्याची तक्रार आहे.