कूर्चेच्या दुरुस्तीनंतरचा एमआरआय: चिठ्ठीवर तारीख आणि शस्त्रक्रिया लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुस्तीत, कबड्डीत किंवा भरतीच्या सरावात गुडघा दुखावलेली आणि कूर्चेची दुरुस्ती करून घेतलेली तरुण मुले काही महिन्यांनी एमआरआयसाठी येतात, तेव्हा चिठ्ठीवर बऱ्याचदा एवढेच असते: ‘एमआरआय, उजवा गुडघा’. शस्त्रक्रिया कोणती, कधी झाली, गुडघ्यात नेमकी कुठे झाली, यातले काहीच नसते. या उणिवेपायी नीट भरत असलेली जागा ‘फेल’ ठरते, नाहीतर सुटत चाललेला थर नजरेतून निसटतो. सांगली-मिरजेत दूरदूरच्या गावांतून, थेट कर्नाटकातून रुग्ण येतात. त्यांना चुकीच्या रिपोर्टमुळे पुन्हा फेरी मारावी लागू नये, म्हणून हे पत्र.

आधी शब्दांचा घोळ. मांडी आणि नडगीच्या हाडांमधल्या चकतीला आपण ‘गादी’ म्हणतो आणि हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत पांढऱ्या थरालाही ‘गादी’च म्हणतो. चकती म्हणजे मेनिस्कस, थर म्हणजे कूर्चा. हे पत्र कूर्चेबद्दल आहे. मांडीच्या हाडावर ती साधारण २ ते ३ मिलिमीटर जाड असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे पडलेला खड्डा आपोआप नीट भरत नाही. एक्स-रेत तर ती दिसतच नाही, दिसते ती फक्त दोन हाडांमधली फट.

दुरुस्तीच्या तीन मुख्य पद्धती आहेत आणि प्रत्येकीत काय बिघडते ते वेगळे. मायक्रोफ्रॅक्चरमध्ये खड्ड्याच्या तळाच्या हाडाला बारीक छिद्रे पाडतात. मज्जेतले रक्त तिथे गोठते आणि त्यातून तंतुमय कूर्चा तयार होते. इथे तळाचे हाडच वर वाढून भरावाची जाडी खाऊन टाकते का, हे पाहायचे. मोझेकप्लास्टीत निरोगी जागेचे हाडासकट दंडगोल काढून खड्ड्यात ठोकतात. ते आजूबाजूच्या पातळीत बसलेत का आणि हाडाशी सांधले गेलेत का, हा तिथला प्रश्न. तिसरी पद्धत प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींची. स्वीडनमध्ये १९८७ साली ती माणसावर पहिल्यांदा वापरली आणि १९९४ साली तिचे निष्कर्ष छापून आले. तिच्यात भराव गरजेपेक्षा जाड होणे किंवा हाडावरून सुटणे, ही दोन भये. सुटलेला थर ओळखायची खूण म्हणजे भराव आणि हाड यांच्यामधली पाण्यासारखी पांढरी रेघ. ती पहिल्या सहा महिन्यांत विशेष शोधावी.

आता तारखेचे महत्त्व. कोवळ्या भरावात पाणी जास्त असते, म्हणून तिसऱ्या महिन्यात तो शेजारच्या कूर्चेपेक्षा पांढरा दिसतो आणि खालच्या हाडात सूजही दिसते. त्या वेळी दोन्ही अपेक्षितच असतात. रंग जुळत यायला वर्ष-दीड वर्ष जाते. हाडातली तीच सूज वर्षानंतर टिकली किंवा पुन्हा वाढली, तर मात्र गंभीरपणे घ्यावी. तारीखच माहीत नसेल तर रिपोर्ट लिहिणारा हा फरक कशावरून करणार?

मशीनचेही तसेच. तीन मिलिमीटरच्या थरातला दोष बघायचा तर ०.३ टेस्लाचे (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचे एकक) उघडे मशीन पुरत नाही. किमान १.५ टेस्ला आणि गुडघ्याची स्वतंत्र कॉईल, म्हणजे गुडघ्याभोवती बसवायचे सिग्नल टिपणारे साधन, हवी. सिक्वेन्स म्हणजे एमआरआयचे चित्र घेण्याची ठरावीक पद्धत. त्यातले प्रोटॉन डेन्सिटीचे फास्ट स्पिन एको सिक्वेन्स चित्रातला चरबीचा उजळपणा दाबून आणि न दाबता, तिन्ही दिशांनी घ्यावेत. स्लाइस ३ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ, चित्राचा घेर १४ ते १६ सेंटिमीटर ठेवावा. स्लाइस जाड घेतली की हाडाच्या गोलाईवर कूर्चा आणि शेजारचे पाणी एकमेकांत मिसळतात आणि खड्डा भरल्याचा भास होतो. ग्रेडियंट एको या दुसऱ्या प्रकारच्या एकट्या सिक्वेन्सवर विसंबू नये. हत्यारांचे डोळ्यांना न दिसणारे धातूचे कणसुद्धा त्यात मोठा काळा डाग पाडतात आणि नेमकी दुरुस्तीची जागाच झाकली जाते. लिगामेंटच्या (हाडांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या) शस्त्रक्रियेत स्क्रू बसवलेला असेल तर हे अधिकच.

टी-टू मॅपिंग, म्हणजे कूर्चेतले पाणी आणि तंतूंची मांडणी आकड्यांत मोजणारा सिक्वेन्स, सगळ्यांना लागत नाही, सरसकट लिहून देऊ नये. भरावाची जडणघडण मूळ कूर्चेच्या किती जवळ आली, याचा अंदाज त्यातून येतो. मूळ कूर्चेत टी-टूचा आकडा खोल थरात कमी आणि वरच्या थरात जास्त असतो. भरावात तसा चढ दिसू लागला की सुधारणा समजावी. पण चालून आल्याआल्या मोजले तर दाबलेल्या कूर्चेतले पाणी हललेले असते आणि आकडे फसवतात. अर्धा तास आडवे राहावे आणि हा सिक्वेन्स शेवटी घ्यावा. शिवाय तंतू चुंबकाच्या मुख्य दिशेशी ५५ अंशांच्या आसपास आले की निरोगी कूर्चाही पांढरी दिसते. हाडाच्या गोलाईवर हे हमखास होते.

रिपोर्टमध्ये ‘कूर्चा ठीक’ या दोन शब्दांवर भागवू नये. मोकार्ट नावाची ० ते १०० गुणांची पद्धत आहे, २०१९ साली ती सुधारली गेली. खड्डा किती भरला, कडा जुळल्या का, पृष्ठभाग अखंड आहे का, आतली रचना आणि सिग्नल कसा, हाड वाढले की खचले, हाडाखाली सूज किंवा पोकळी आहे का, हे सारे त्यात मोजले जाते. दर वेळी याच क्रमाने लिहिले तर सहाव्या महिन्याची बाराव्याशी तुलना करता येते. मात्र गुण आणि दुखणे यांचे नाते ढिले आहे. ८५ गुणांचा गुडघा दुखू शकतो आणि ५५ गुणांचा बिनतक्रार चालतो. त्यामुळे नुसत्या गुणांवर दुसरी शस्त्रक्रिया ठरवणे चूक. तपासणी, सूज, पायाची ताकद, सगळे एकत्र पाहूनच ठरवावे.

रुग्णांनी येताना डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद आणि आधीच्या एमआरआयची सीडी आणावी. नुसती फिल्म पुरत नाही. आणि शक्य तोवर पुढची तपासणीही त्याच मशीनवर करावी.

आपला,
एक रेडिओलॉजिस्ट, मिरज (जि. सांगली)