मार्सेलिसच्या काकूंना जाहीर आभारपत्र

आदरणीय काकू,

सादर नमस्कार. पूर्वओळख नसतानाही आपण माझ्या आईला आणि मला मार्सेलिस ज्या आत्मीयतेने दाखवलेत, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानावेत, असे आम्हा दोघींनाही मनापासून वाटते.

आपण आम्हाला आधी जुन्या बंदराच्या गजबजलेल्या धक्क्यावर न नेता, जवळच्याच व्यापारी संकुलालगतच्या बागेत नेलेत. त्या संकुलाच्या बांधकामासाठी १९६७ साली खोदकाम सुरू असताना सापडलेले प्राचीन बंदराचे दगडी बांधकाम तेथे जपलेले आहे. इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातील फोकेआ या प्राचीन ग्रीक नगराहून आलेल्या ग्रीकांनी हे शहर वसवले, हे मी वाचले होते. पण समुद्र तेव्हा कुठवर आत येत असे, हे आपण तेथे उभे करून दाखवलेत तेव्हाच उमगले. बंदराच्या उत्तर काठावरच्या इमारती एवढ्या अलीकडच्या का दिसतात, हेही आपणच सांगितलेत. १९४३ च्या आरंभी जर्मन सैन्याने फ्रेंच पोलिसांच्या मदतीने ती वस्ती रिकामी करवली आणि घरे सुरुंगांनी उडवली. त्यातून वाचलेल्या पानिए भागातील गल्ल्यांमधून त्यानंतर चालताना आम्ही दोघी फारसे बोललोच नाही.

सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली ती जागा पाहण्याची आईची फार इच्छा होती. त्या काळी मोठ्या आगबोटी या जुन्या बंदरात नव्हे, तर ज्योलिएतपासून उत्तरेकडे पसरलेल्या नव्या गोद्यांत लागत, हे समजावून देऊन आपण आम्हाला तिकडे नेलेत. फ्रेंच भूमीवर झालेली ती अटक हेगच्या लवादापुढे गेली आणि १९११ साली निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला, हा सारा वृत्तान्त आपण आईला सावकाश, तिच्या प्रश्नांना उत्तरे देत सांगितलात. त्याबद्दल ती आपली विशेष ऋणी आहे.

टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्द या चर्चची चढण आईच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती. जुन्या बंदरावरून थेट वर जाणारी ६० क्रमांकाची बस आपण सांगितली नसतीत, तर छताला टांगलेल्या, खलाशांनी नवस फेडताना वाहिलेल्या त्या लहान लहान जहाजांना आम्ही मुकलो असतो. कलांकच्या चुनखडी कड्यांकडे उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने प्रवेश कधीही बंद होतो, म्हणून आदल्या संध्याकाळी सूचना पाहायला आपण आवर्जून सांगितलेत आणि वाट बंद असल्याचे कळताच आमच्यासाठी कासी या जवळच्या बंदरगावाहून सुटणारी होडी शोधून दिलीत. पाण्यातून पाहिलेले ते कडे पायी गेलो असतो तर असे दिसले असते का, याची मला शंकाच आहे. माशांच्या या शहरात शाकाहारी आईसाठी हरभऱ्याच्या पिठाचे गरम पानीस आपण आठवणीने आणलेत, ही गोष्ट ती येथे प्रत्येकाला सांगते.

येत्या हिवाळ्यात आपण पुण्याला येणार असल्याचे म्हणाला होतात. तेव्हा आमच्याकडेच उतरावे, असा आईचा आग्रह आहे. तारखा ठरताच कृपया कळवावे.

आपली कृतज्ञ,
पुण्याची एक प्रवासी