ग्रंथालयातील त्या दोघांचे आभार

काल कामाचा नुसता रगाडा होता आणि त्यातच एका अहवालासाठी जुना संदर्भ तातडीने हवा होता, म्हणून विद्यार्थीदशेत जिथे अर्धवेळ काम केले, त्या ग्रंथालयात अनेक वर्षांनी गेलो. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई वर्गीकरणातील ५१९.५, म्हणजे संख्याशास्त्राच्या फळीवर पुस्तक नव्हते. देवघेव विभागात रांग असतानाही तिथल्या विद्यार्थिनीने आकड्यांची अदलाबदल झाली असावी हे ओळखले आणि तिच्या सहकाऱ्याने ते ५९१च्या प्राणिशास्त्राच्या कपाटातून शोधून आणले. हे काम किती चिकाटीचे असते, याची मला पुरेपूर कल्पना आहे. घाईत नावे विचारायची राहिली, तरी त्या दोघांचे मनःपूर्वक आभार. अहवाल वेळेत गेला.