तिसऱ्या स्क्रूविषयी

महोदय,

गाडीचा ब्लोअर (हवा आत फेकणारा पंखा) घरच्या घरी कसा साफ करावा, हा आपल्या वाहन पुरवणीतला लेख वाचून मी कामाला लागलो. त्यात एक वाक्य आहे : ‘तीन स्क्रू काढून ब्लोअर खाली घ्यावा.’ मी आयुष्यभर कारखान्यात फिटर होतो. त्या तीन स्क्रूंना मला सव्वा तास लागला. पहिले दोन दहा मिनिटांत हातात आले, बाकीचा वेळ तिसऱ्याने खाल्ला.

माझ्या गाडीत ब्लोअर ग्लव्ह बॉक्सच्या खाली आहे. पाय ठेवायच्या जागेत डोकं, सीटवर कंबर आणि पाय दाराबाहेर, असा मी उताणा पडलेलो. टॉर्च धरून सौ. उभ्या. तिसरा स्क्रू पार मागे, इंजिनाकडच्या पत्र्याच्या अंगाला. बोटाला लागत होता, डोळ्याला दिसत नव्हता. शेवटी मोबाइल आत घालून फोटो काढला, तेव्हा त्याचं तोंड कुठे आहे ते कळलं.

लांब स्क्रूड्रायव्हर तिथे सरळ बसतच नाही. तिरका लावला की निसटतो, कारण फुलीच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात आणि पातं त्यांवरून वर चढतं. दोनदा निसटल्यावर मी हात आवरला. आणखी एक-दोन झटके, आणि फुलीची वाटी झाली असती.

अशा वेळी माणूस जोर वाढवतो. जोर माझ्याकडे होता, मूठ फिरवायला जागा नव्हती. मग लहान रॅचेट, म्हणजे मूठ मागे-पुढे हलवली तरी एकाच दिशेने फिरवणारा पाना, आणि 25 मिलिमीटरचा आखूड बिट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं नुसतं सुटं टोक, घेतला. इथेही एक गोम आहे. माझं जुनं रॅचेट 36 दात्यांचं. त्याची मूठ 10 अंश फिरल्याशिवाय पुढचा दाता धरत नाही, आणि त्या फटीत तेवढीही फिरत नव्हती. 72 दात्यांच्या रॅचेटला 5 अंश पुरतात. ते मुलाकडून मागून आणलं आणि टक, टक करत स्क्रू सुटला. अर्धा फेरा ढिला झाल्यावर बाकीचं बोटांनीच. रॅचेट नसेल तर पाव इंची रिंग पाना चालतो : बिटाची षटकोनी दांडी 6.35 मिलिमीटरची, म्हणजे बरोबर पाव इंच. बिट पान्यात घालायचा आणि मागून अंगठ्याने दाबून धरायचा.

मुळात हा स्क्रू तिथे ठेवला कोणी, असं सौ.नी विचारलं. प्रश्न रास्त आहे. पुष्कळ गाड्यांचा डॅशबोर्ड आतल्या ब्लोअर-हीटरसकट बाहेरच जोडतात आणि मग अख्खा उचलून गाडीत बसवतात. जोडणाऱ्याच्या समोर तो स्क्रू छातीच्या उंचीवर, सरळ असतो. उताणं पडायची पाळी नंतरच्या माणसावर.

परत बसवताना बिटाच्या टोकाला ग्रीसचा ठिपका लावला, म्हणजे स्क्रू वाटेत गळत नाही. प्लास्टिकमध्ये तो आधी उलटा फिरवावा. जुन्या आट्यात ‘टक’ करून बसला की मगच आवळावा. नाहीतर नवे आटे पडतात आणि प्लास्टिक भुसभुशीत होतं. आणि लेखात राहून गेलेली एक गोष्ट : डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असते. आधी बॅटरीची ऋण बाजू सोडवून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबायला हवं. बाकी काही विसरलं तरी चालेल, हे नको.

दोन स्क्रूंवरही ब्लोअर तसा टिकला असता, असं मनात आलं नाही असं नाही. पण तो थरथरला असता आणि त्याची घरघर ऐकत मलाच गाडी चालवायची होती. लेखकांना एवढीच विनंती, की पुढच्या वेळी ‘स्क्रू काढा’ लिहिताना तो कुठे तोंड करून आहे आणि मागे मूठ फिरायला किती जागा आहे, तेवढं छापा.

आपला,
एक निवृत्त फिटर