मिरीचा सौदा खळ्यावरच बिघडतो

महोदय,

काळ्या मिरीचा कंटेनर परदेशातून परत आला की दोष खरेदीदाराला दिला जातो. चूक बहुधा वाळवणीत असते.

घोसातले एक-दोन दाणे लालसर झाले की तोडणी करावी. दाणे सुटे करून उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवले की रंग एकसारखा काळा येतो, वाळतातही लवकर. वाळवण स्वच्छ ताडपत्रीवरच हवी. उघड्या जमिनीवर कोंबड्या-पाखरांच्या विष्ठेतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जीवाणू लागतो. धुराच्या भट्टीने माल झटपट वाळतो खरा, पण काजळीतली घातक रसायने दाण्यात उतरतात.

ओलावा १० ते ११ टक्क्यांवर यावा. १०० किलो हिरव्या मिरीचे जेमतेम ३३ किलो होतात, म्हणून वजनाच्या मोहाने माल ओलसरच भरला जातो. मग कंटेनरच्या छताला घाम सुटतो, थेंब पोत्यांवर पडतात आणि बुरशी धरते.

– एक मसाला व्यापारी